बाळाच्या खोलीसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न : आम्ही चिंचवडला टू बीएचकेत राहतो. नवऱ्याच्या हातात 70,000 येतात, माझ्या 46,000. पहिल्या बाळंतपणाची तारीख जानेवारीच्या सुरुवातीची आहे. बाळाला पहिल्यापासून स्वतःच्या खोलीत शांत झोपायची सवय लागावी म्हणून दुसरी बेडरूम सजवायची आहे. इंटिरियरवाल्याचं कोटेशन 2,40,000 चं आहे, त्याला 15,000 टोकन दिलंय. उरलेल्या रकमेसाठी साधारण निम्मे पैसे एफडी मोडून आणि निम्मे क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयने द्यायचा विचार आहे. एफडी एकूण 3,50,000 ची. पगारी रजा संपल्यावर मला आणखी सहा महिने बिनपगारी घरी राहायचंय. सासूबाई गावचा जुना सागवानी पाळणा देऊ म्हणताहेत, नवऱ्याला तो नको आहे. काय करावं?

उत्तर : कोटेशन सोबत पाठवलंत हे बरं केलंत. कॉट 38,000, कपाट आणि चेंजिंग टेबल 62,000, एसी 42,000, वॉलपेपर आणि चांदण्यांचं फॉल्स सीलिंग 46,000, डुलती खुर्ची 24,000, मोबाइलवर दिसणारा कॅमेरा 14,000, मोटरवर सरकणारे पडदे 14,000. यातला एसी तेवढा घ्या असं मी म्हणेन. पण तोही त्या खोलीत बसवू नका.

आधी कॅलेंडर बघू. तुम्हीच लिहिलंय की बाळंतपण साताऱ्याला माहेरी होणार आणि मार्चअखेर तुम्ही परत येणार. म्हणजे पहिले तीन महिने ही खोली कुलूपबंद. परत आल्यावरही बाळ तिथे झोपणार नाही, कारण निदान पहिले सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या बिछान्यावर झोपावं, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 च्या सूचनांमध्ये सांगितलंय. रात्री दर दोन-तीन तासांनी दूध पाजायचं असताना दुसऱ्या खोलीत कोण धावणार? 14,000 चा कॅमेरा घेऊन पडद्यावर बघण्यापेक्षा मान वळवून बघणं सोपं. तात्पर्य, जी खोली जुलैपर्यंत रिकामी राहणार, तिचे हप्ते डिसेंबरपासून सुरू होणार.

आता आकडे. घराचा हप्ता 38,000, गाडीचा 11,000, घरखर्च 35,000, सासूसासऱ्यांना 8,000 मिळून महिन्याचे 92,000 होतात. वर एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) 15,000 आणि उरलेले नऊएक हजार इकडेतिकडे. आज हे बसतं. पण डिसेंबरच्या मध्यावर रजा सुरू झाली, तर 26 आठवड्यांची पगारी रजा जूनच्या मध्यावर संपेल. तिथून सहा महिने घरात येणार फक्त 70,000, आणि जाणार 92,000 अधिक बाळाचे निदान 10,000 (डायपर, लसी, डॉक्टर). एसआयपी पूर्ण थांबवली तरी दरमहा 32,000 ची तूट. सहा महिन्यांत 1,92,000.

यावर नो-कॉस्ट ईएमआयचे दरमहा साधारण 9,000 आले की तूट 41,000. हे हप्ते नोव्हेंबरपर्यंत चालतील, म्हणजे पाच महिने दोन्ही ओझी एकत्र. एफडीतून 1,20,000 गेले की राहतात 2,30,000. हॉस्पिटलने सिझेरियन धरून 1,10,000 चा अंदाज दिलाय, कंपनीच्या पॉलिसीत बाळंतपणाची मर्यादा 50,000 आहे, म्हणजे 60,000 खिशातले. उरले 1,70,000, आणि महिन्याला 41,000 ने ते चार महिन्यांत संपतात. तुम्हाला घरी राहायचंय सहा महिने. ही सजावट तुमच्या रजेचे शेवटचे दोन महिने खाते. माझा नकार त्यासाठी आहे, महाग वस्तूंसाठी नाही.

नो-कॉस्ट या शब्दावरही फार विसंबू नका. व्याज बँक लावतेच, दुकानदार तेवढी सूट देतो. पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या बिलात येते. आणि तंगीच्या महिन्यात कार्डाची फक्त किमान रक्कम भरली, तर उरलेल्यावर अनेक कार्डांवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज बसतं. वर्षाचे सुमारे बेचाळीस टक्के झाले. बाळाच्या नावावर इतकं महाग कर्ज कशाला?

मग झोपेसाठी काय घ्यायचं? सपाट, टणक गादी आणि तिच्यावर ताणून बसणारी चादर. बाळ पाठीवर. बिछान्यात उशी नको, लोड नको, मऊ खेळणी नकोत, कडेचे गुबगुबीत तक्केही नकोत. डोकं गोल व्हावं म्हणून दिली जाणारी मोहरीची उशी माहेरी नक्की तयार होईल. ती बाळ झोपताना ठेवू नका, डॉक्टरांना आईसमोरच विचारा म्हणजे वाद मिटेल. जन्मतः बाळाला दिवसरात्र कळत नाही, ते घड्याळ दोन ते चार महिन्यांत जमू लागतं. दिवसा खोलीत उजेड आणि रात्री गडद अंधार ठेवला की त्याला मदत होते, त्यासाठी जाड अस्तराचे साधे पडदे पुरतात. मोटर नको, आणि पडद्याच्या दोऱ्या बाळाच्या हाताला लागतील अशा लोंबायला नकोत. पंख्याची घरघर कामाची असते. आवाजाचं वेगळं मशीन घेतलंत तर ते बिछान्यापासून लांब आणि हळू असू द्या.

हिशेबात हे असं बसतं: साधी लाकडी कॉट गादीसकट 12,000, तुमच्या बेडरूमचे पडदे 4,000, मच्छरदाणी आणि चादरी 2,000, एसी 42,000. एकूण 60,000. एसीला मी हो म्हणतोय कारण तुम्ही परताल ती वेळ एप्रिलची, आणि चिंचवडच्या वरच्या मजल्यावरचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे. उकाड्यात कुणीच झोपत नाही. मात्र तो तुमच्या बेडरूममध्ये लावा, जिथे बाळ खरोखर झोपेल. हे पैसे एफडीला हात न लावता येतात. नोव्हेंबरपासून एसआयपी 15,000 वरून 5,000 वर आणा आणि ते 10,000 लिक्विड फंडात (हवे तेव्हा पैसे काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाका. एप्रिलअखेर 60,000, जूनपर्यंत 80,000. पडदे आत्ता, कॉट मार्चमध्ये, एसी एप्रिलमध्ये.

80,000 मधून ही खरेदी वजा जाता उरलेले 20,000 आणि हॉस्पिटलचे 60,000 गेल्यावर एफडीतले 2,90,000 मिळून 3,10,000. त्यातून सहा महिन्यांची तूट 1,92,000 गेली तरी हातात 1,18,000. त्यातून सकाळी चार तास एखादी मावशी ठेवा. सात हजार धरले तर सहा महिन्यांचे 42,000. डुलत्या खुर्चीपेक्षा आईला मिळालेली सलग दोन तासांची झोप मला जास्त मोलाची वाटते, आणि घरात चिडचिड कमी झाली की पैशाचे निर्णयही बरे होतात.

बिनपगारी रजेवर सही करण्याआधी घरून काम मागून बघा. पगारी रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालकाची तयारी असेल तर ही सोय देता येते, अशी तरतूद मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीत आली. दोन महिने मिळाले तरी 92,000. जन्मानंतर बाळाचं नाव कंपनीच्या आरोग्य विम्यात घालायची मुदत किती आहे तेही एचआरला आत्ताच विचारा. बारशाच्या गडबडीत ती हमखास हुकते.

पाळण्याबद्दल सासूबाईंना नाही म्हणू नका. बारशाला तो हवाच. रोजच्या झोपेसाठी वापरायचा तर बूड सपाट असावं, कठड्याच्या दोन पट्ट्यांत सहा सेंटिमीटरहून जास्त फट नसावी आणि सांधे हलते नसावेत. वर जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 मध्येच लागू झाली. घरी घासत बसू नका, ती धूळच वाईट. जाणकार सुताराकडून बाहेर खरवडून पॉलिश करून घ्या. हे बसत नसेल, तर पाळणा दिवसा, कुणी शेजारी बसलेलं असतानाच.

राहिलं टोकन. 15,000 गेले म्हणून 2,25,000 आणखी घालायचे, हा हिशेब कुठेच बसत नाही. इंटिरियरवाल्याला फोन करा, फर्निचर रद्द सांगा आणि त्याच पैशांत दोन्ही बेडरूमच्या खिडक्यांना डासांच्या जाळ्या आणि वर लिहिलेले पडदे करून मागा. बहुतेक जण पैसे परत करत नाहीत, पण काम बदलून द्यायला तयार होतात. तो तयार झाला तर पडद्यांचे 4,000 वाचतील, आणि ही कामं तुम्ही साताऱ्याला असताना उरकतील.