वाचकांचे प्रश्न : मसल कार मूळ रूपात राखावी की नव्याने घडवावी?

मागील अंकात साठच्या दशकातील अमेरिकी मसल कारवर, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या वेगवान गाड्यांवर लिहिल्यानंतर यवतमाळ, वर्धा, अमरावती या जिल्ह्यांतील गावांमधून बरीच पत्रे आली. बहुतेकांचा रोख एकाच वादाकडे आहे : जुनी गाडी कारखान्यातून निघाली तशीच जपावी, की तिच्या पत्र्याखाली नवे इंजिन, नवे ब्रेक आणि नवे सस्पेन्शन बसवून ती आपल्या मनासारखी घडवून घ्यावी? निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. आमचे काकाजी म्हणतात की मूळ इंजिन असलेल्या गाडीलाच मोल असते, बाकी सारा देखावा. मला मात्र जुन्या अंगाची आणि नव्या इंजिनाची मसल कार अधिक पटते. आमच्या घरी मसल कार नाही, वावरात बाबांची जुनी जीप तेवढी उभी आहे. तरी हा वाद रोज रात्री जेवताना होतो. आपले मत कळवावे. (एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : काकाजींची बाजू समजण्यासाठी या गाड्या मुळात कशा होत्या ते पाहावे लागते. १९६४ च्या मॉडेलसाठी जनरल मोटर्सच्या पॉन्टिअॅकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत मोठ्या गाडीचे ३८९ घनइंचाचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन बसवले, त्या प्रकाराला जीटीओ असे नाव दिले आणि साध्या रूपात ३२५ अश्वशक्तीचा दावा केला. मोठे इंजिन, मध्यम गाडी आणि तरुण नोकरदाराला झेपेल अशी किंमत, एवढेच त्यामागचे गणित होते. इंजिन वाढले, पण ब्रेक त्या मानाने वाढले नाहीत : पहिल्या जीटीओच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक घेण्याची सोय १९६७ मध्ये आली, तीही जादा पैसे मोजून. सरळ रस्त्यावर ही गाडी सुसाट जाई. थांबण्याची आणि वळण्याची गोष्ट वेगळी होती.

नव्याने घडवणाऱ्यांचा सारा युक्तिवाद या उणिवेवर उभा आहे. रिस्टोमॉड म्हणतात त्या गाड्यांत बाहेरचा पत्रा जुना राहतो आणि आतले यंत्र आजचे असते. जनरल मोटर्सने १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आणलेले एलएस-१ हे अॅल्युमिनियमचे ५.७ लिटर इंजिन आणि त्याच्या पुढच्या पिढ्या या कामासाठी फार वापरल्या जातात, कारण हे इंजिन आटोपशीर आणि वजनाला हलके आहे आणि त्याचे सुटे भाग सहज मिळतात. त्याची ३४५ अश्वशक्ती जुन्या ३२५ पेक्षा किंचितच जास्त दिसते; परंतु अमेरिकेत १९७२ पूर्वी सामान्यतः जाहिरातीत दिला जाणारा आकडा इंजिन स्टँडवर ठेवून, एअर क्लीनर, अल्टरनेटर, सायलेन्सर यांचा भार न घालता मोजलेला असे. नंतरचा आकडा हा सारा भार धरून मोजलेला आहे. त्यामुळे दोन्हींतला खरा फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे.

मूळवाद्यांचे म्हणणे तरीही हलके नाही. चेसिस (गाडीचा सांगाडा), इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे क्रमांक एकमेकांशी जुळत असतील तर ती गाडी म्हणजे त्या काळचा पुरावा असतो आणि एकदा कापलेला पत्रा पुन्हा मूळचा होत नाही. क्रायस्लरच्या ४२६ घनइंची हेमी इंजिनाच्या गाड्या मुळातच थोड्या विकल्या गेल्या. तशी एखादी पूर्ण गाडी कोणी आज आपल्या आवडीसाठी कापली, तर आम्ही तिला हौस म्हणणार नाही, नासाडी म्हणू. उलट, फोर्ड मस्टँग पहिल्या बारा महिन्यांतच चार लाखांहून अधिक विकली गेली आणि त्यांतल्या कितीतरी साध्या सहा सिलिंडरच्या होत्या. इंजिन हरवलेली, तळ गंजलेली अशी मस्टँग कोणी नव्या यंत्रासह रस्त्यावर आणली तर इतिहासाचे काय बिघडले? आमचे मत असे की गाडी दुर्मीळ आणि पूर्ण असेल तर काकाजी बरोबर आहेत. सर्वसाधारण आणि अपुरी असेल तर आपण. मधली एक वाटही जाणकार सुचवतात, ती म्हणजे बोल्टने बसेल आणि बोल्टनेच निघेल एवढाच बदल करावा, वेल्डिंग आणि कटर यांना हात लावू नये आणि काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावा.

बाबांच्या जीपबद्दल आपण विचारलेले नाही. तिच्यावर ताडपत्री तरी टाका.

प्रश्न : मी १९८९ ची काँटेसा घेतली आहे. गावातील मिस्त्री म्हणतात की तिच्यात दुसऱ्या कंपनीचे मोठे इंजिन बसवता येईल आणि बॉनेट, मागचे पत्रे कापून तिला मस्टँगसारखे रूप देता येईल. अनेक जण काँटेसाला भारतीय मसल कार म्हणतात, मग ती खरोखरची मसल कार का करू नये? (एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : काँटेसा हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये आणली आणि २००२ पर्यंत बनवली. तिचा आराखडा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या सत्तरच्या दशकातील व्हिक्टर गाडीचा आहे आणि व्हॉक्सहॉल तेव्हा जनरल मोटर्सच्याच मालकीची होती, म्हणजे पॉन्टिअॅकची ती दूरची नातेवाईक ठरते. लांब बॉनेट, रुंद नाक आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद यांमुळे हौशी मंडळींना तिच्यात मसल कार दिसते. ताकदीच्या बाबतीत मात्र आरंभीच्या काँटेसात अॅम्बॅसॅडरचेच दीड लिटरचे, सुमारे पन्नास अश्वशक्तीचे इंजिन होते आणि एवढ्या जड गाडीला ते ओढता ओढता धाप लागे. पुढे आलेल्या इसुझुच्या १.८ लिटर पेट्रोल इंजिनाने आणि पाच गिअरच्या गिअरबॉक्सने तिची इभ्रत राखली. आपल्याकडील गाडीत कोणते इंजिन आहे, ते पत्रात लिहिलेले नाही. आधी ते पाहावे.

आता कायद्याची बाजू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ कडकपणे लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्याच प्रकारचे दुसरे इंजिन बसवून त्याचा क्रमांक आरटीओकडून आरसी बुकात नोंदवून घेणे ही वेगळी गोष्ट झाली. भंगारातून आणलेले परक्या कंपनीचे मोठे इंजिन बसवणे आणि सांगाडा कापणे ही दुसरी. अशा गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी न कळवलेल्या बदलाकडे बोट दाखवून दावा नाकारू शकते. आरटीओचे सगळे आपण पाहून घेऊ, असे मिस्त्री म्हणाले असतील तर त्यांच्याकडून ते लेखी घ्यावे. बहुधा विषय तेथेच संपेल.

तांत्रिक बाजूही तितकीच अवघड आहे. बंडीचा आस जुनाच ठेवून पुढे दुप्पट ताकदीचे बैल जुंपले तर आधी आस मोडतो. इंजिन मोठे झाले की क्लच, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, रेडिएटर आणि ब्रेक यांतील प्रत्येक भाग त्या ताकदीसाठी नव्याने निवडावा लागतो, पुढचे वजन वाढल्याने स्प्रिंगा बदलाव्या लागतात, आणि इंजिनाचे माउंटिंग सांगाड्यावर कोठे आणि कसे येईल हे अंदाजाने ठरवून चालत नाही. अमेरिकेत नावाजलेल्या घडवलेल्या गाड्यांमागे चेसिसचे मोजमाप करणारे अभियंते आणि तयार सुटे भाग विकणारा मोठा उद्योग उभा आहे. म्हणून त्या चित्रफितींत सोप्या वाटतात. आपल्याकडील मिस्त्रींचा हात पत्र्यावर कितीही बसलेला असला तरी हे पाठबळ त्यांच्यापाशी नाही.

आणखी एक मुद्दा ध्यानात घ्यावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या आणि चेसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल न केलेल्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळू शकते. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आपली गाडी १९८९ मध्येच नोंदवलेली असेल तर ती २०३९ मध्ये पन्नाशी गाठेल. मस्टँगचे सोंग घेतलेल्या काँटेसाला तो मान मिळणार नाही, आणि तोवर मूळ रूपातल्या काँटेसा आजच्यापेक्षा आणखी कमी उरलेल्या असतील. मूळ इंजिनाचे बोअर-पिस्टनचे काम नीट करून घ्या, गंजलेला पत्रा कापून तेथे नवा जोडा, लांबी (पुट्टी) थापून गंज झाकू देऊ नका आणि रंग कंपनीच्या छटेतला निवडा.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त मिशिगनमध्ये राहतो. त्याला तेथेच १९६७ ची मस्टँग घ्यायची आहे. विकणारा म्हणतो की गाडी मूळची व्ही-८ आहे. इथे बसून मी त्याला काय सल्ला देऊ? (एक वाचक, वणी, जि. यवतमाळ)

उत्तर : गाडीचा चेसिस क्रमांक मागवून घ्यावा, नंबरप्लेटवरचा नव्हे. त्या वर्षीच्या मस्टँगचा क्रमांक घरबसल्या वाचता येतो : पहिला अंक ७ म्हणजे १९६७, त्यानंतरचे अक्षर कारखान्याचे, पुढचे दोन अंक बॉडीचे (०१ हार्डटॉप, ०२ फास्टबॅक, ०३ उघड्या छताची) आणि पाचवे अक्षर इंजिनाचे. त्या पाचव्या जागी ‘टी’ असेल तर गाडी सहा सिलिंडरची जन्मली, मग आज बॉनेटखाली काहीही असो. ‘सी’ आणि ‘ए’ ही २८९ घनइंची व्ही-८ ची नेहमीची अक्षरे आहेत, ‘के’ हे त्याच इंजिनाच्या अधिक ताकदवान प्रकाराचे, तर ‘एस’ ३९० घनइंची इंजिनाचे. सहा सिलिंडरच्या गाडीत नंतर व्ही-८ बसवणे हा तेथे गुन्हा नाही आणि अशी गाडी चालवायला मजेदारही असू शकते. मात्र ती त्या किमतीत घ्यावी, मूळ व्ही-८ च्या किमतीत नव्हे.

सगळ्याच गाड्यांचा क्रमांक इतका बोलका नसतो. पॉन्टिअॅक जीटीओ १९६४ आणि १९६५ मध्ये जादा पर्याय म्हणून विकली गेली, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून ती खरी की नंतर बिल्ले लावलेली हे ठरत नाही आणि कारखान्याचे जुने कागद पाहावे लागतात. बिल्ले लावून साध्या गाडीला महागडी भासवणारे विक्रेते या छंदाला लागलेली कीड आहेत. घडवलेली गाडी घडवलेली म्हणूनच विकणाऱ्याबद्दल मात्र आमची काही तक्रार नाही. गाडी भारतात आणण्याचा विचार असेल तर डाव्या बाजूचे स्टिअरिंग ही पहिली अडचण असेल, एवढे मुलाला आताच सांगून ठेवावे.

प्रश्न : आमची कार्ब्युरेटरची जुनी पेट्रोल गाडी मे महिन्यात अर्ध्या वाटेत बंद पडते आणि तासाभराने आपोआप सुरू होते. रेडिएटरमध्ये आम्ही विहिरीचे पाणी घालतो. नवे फ्युएल इंजेक्शनचे इंजिन बसवणे हाच उपाय आहे का? (एक वाचक, दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : मुळीच नाही. आपला तालुका खारपाणपट्ट्यात येतो आणि तेथील विहिरीचे पाणी रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरते. त्यामुळे इंजिन आधीच तापलेले असते. रेडिएटर सोडवून साफ करून घ्यावा आणि पुढे डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट मिसळूनच भरावे. गाडी थंड झाल्यावर सुरू होते यावरून पेट्रोलची वाफ नळीत अडकत असावी असे दिसते. इंजिनाला चिकटलेला यांत्रिक पंप पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पेट्रोल तापवतो आणि वाफ झाली की पंपाला ते ओढता येत नाही. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी, मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा आणि कार्ब्युरेटरखाली बेकेलाइटचा जाड स्पेसर आहे की कोणी काढून टाकला ते पाहावे. पेट्रोल पंपावर आता मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबर फुगते आणि तडकते, तेव्हा सर्व नळ्या व डायफ्रॅम इथेनॉल सोसणारे घ्यावेत. गळकी नळी गरम एक्झॉस्टवर ठिबकली तर गाडी पेटेल. इथेनॉल हवेतील ओल शोषते, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये.

प्रश्न : मसल कारसारखा आवाज यावा म्हणून सायलेन्सर काढून टाकला तर चालेल का? (एक विद्यार्थी वाचक, पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : नाही. चार सिलिंडरच्या इंजिनाचा सायलेन्सर काढल्याने व्ही-८ चा आवाज येत नाही, फक्त कर्कश आवाज येतो आणि पोलिसांची पावती मिळते.

प्रश्न : मूळ रूप राखूनच अॅम्बॅसॅडर दुरुस्त करायची आहे, पण पैसे थोडे आहेत. सुरुवात कोठून करावी? आमच्याकडून चिखलदऱ्याला नेहमी जाणे होते. (एक वाचक, परतवाडा, जि. अमरावती)

उत्तर : ब्रेकपासून. मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर यांची रबरे, ब्रेकचे तेल, लायनर आणि ड्रमची गोलाई ही कामे आधी करावीत. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवावी. नंतर स्टिअरिंगचे सांधे आणि टायर. टायरची खोबण शाबूत दिसली तरी त्याच्यावर छापलेले उत्पादनाचे वर्ष वाचावे. त्यानंतर वायरिंग, मग इंजिन. सीटकव्हर आणि रंग यांना पुढच्या हंगामाचा कापूस विकेपर्यंत थांबवले तरी चालेल.