कॅम्पर व्हॅनमधल्या लॅचिंग सोलेनॉइडला स्विच कसा जोडायचा?

तुम्ही लिहिलंय की मागच्या बॅटरीची लाइन तोडायला लावलेल्या सोलेनॉइडला (कॉइलमधल्या करंटने चालू-बंद होणाऱ्या मोठ्या स्विचला) दोन जाड बोल्ट आणि दोन बारीक टर्मिनल आहेत. साधा ऑन-ऑफ स्विच लावला तर 'टक्' वाजून चालू होतो, पण स्विच पाडला तरी बंद होत नाही आणि अंग तापतं. तो स्विच आधी काढून टाका. असाच राहिला तर कॉइल जळेल.

सोलेनॉइड बिघडलेला नाही. तो लॅचिंग, म्हणजे आहे त्या स्थितीत अडकून राहणारा आहे. त्याच्या आत कायमचं चुंबक आहे. करंट क्षणभर एका दिशेने गेला की कॉन्टॅक्ट जुळतात आणि चुंबक त्यांना धरून ठेवतं. ते उघडायचे तर तोच करंट क्षणभर उलट्या दिशेने द्यावा लागतो. मधल्या काळात कॉइलला काहीच लागत नाही, म्हणून ती सतत करंट सोसायला बनवलेलीही नसते. त्यात आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बंद पेटीतली कॉइल आधीच भाजत असते.

माझ्या ट्रॅव्हलर व्हॅनमध्ये पूर्वी साधा, सतत करंट घेणारा सोलेनॉइड होता. साधारण १ अँपिअर तो स्वतःच खायचा, म्हणजे दिवसाला २४ एएच (अँपिअर-तास). लेड-ॲसिडची १०० एएचची बॅटरी अर्ध्याखाली उतरू द्यायची नाही म्हटलं, तर पेंचच्या जंगलाजवळ दोन दिवसांच्या मुक्कामात बॅटरीचा सगळा हिशेब तिथेच संपायचा. त्यामुळे तुम्ही लॅचिंग निवडलात ते उत्तम केलंत.

आता स्विच. बोट काढलं की मध्ये परत येणारा, दोन्ही बाजूंना दाबता येणारा सहा पिनांचा स्विच हवा. मधल्या दोन पिना कॉइलच्या दोन टर्मिनलांना. वरच्या डावीला प्लस, वरच्या उजवीला मायनस. मग वरची डावी खालच्या उजवीला आणि वरची उजवी खालच्या डावीला, अशी फुली मारायची. वर दाबलं की करंट सरळ, खाली दाबलं की उलटा. असा स्विच नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीत) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, पण विकत घेण्याआधी त्यावरचं अँपिअर वाचा; २-३ अँपिअरचे नाजूक स्विच इथे टिकत नाहीत.

मला स्वतःला कारच्या पॉवर विंडोचा साधा स्विच जास्त आवडतो. काच वर-खाली करताना मोटरची दिशा उलटवणं हेच त्याचं काम, तो स्प्रिंगने मध्ये येतो, आणि मोटरचा करंट सोसतो. रिकामा असताना त्याची दोन्ही टोकं मायनसवर असतात, ते इथे चालतं. पिना मात्र मीटरने तपासूनच जोडा.

जोडण्याआधी तीन गोष्टी पाहा. दोन बारीक टर्मिनलांमधला रेझिस्टन्स मोजा: ३ ओहम आला तर १२ व्होल्टला ४ अँपिअर, मग १० अँपिअरचा फ्यूज आणि दीड चौरस एमएमची वायर पुरे. फ्यूज बॅटरीजवळच हवा. दुसरं, बारीक टर्मिनलांपैकी एखादं आतून बॉडीला किंवा जाड बोल्टला जोडलेलं नाही ना, हे तपासा. असेल तर करंट उलटवताना थेट शॉर्ट होईल. तिसरं, स्विचचा प्लस बॅटरीकडच्या जाड बोल्टवरून घ्या, लोडकडच्या (दिवे-पंखे वगैरे जोडलेल्या बाजूच्या) नाही. लोडकडून घेतलात तर एकदा बंद केल्यावर स्विचलाच वीज उरत नाही, आणि सोलेनॉइड पुन्हा चालू कशाने करणार?

डायोडबद्दल, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाबद्दल, आवर्जून लिहितो. आमच्याकडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने "भाऊ, डायोड टाकून देतो, सेफ राहते" म्हणत कॉइलवर डायोड बसवला. साध्या रिलेला ते बरोबर आहे. इथे मात्र चालू व्यवस्थित व्हायचं आणि बंद करायला गेलं की फ्यूज उडायचा, कारण उलट्या करंटला डायोड म्हणजे सरळ शॉर्ट. दोन फ्यूज गेल्यावर कारण सापडलं. कॉइलचा करंट तुटताना बसणाऱ्या झटक्यापासून स्विच वाचवायचाच असेल तर दोन्ही दिशांचा टीव्हीएस (जादा व्होल्टेज शोषणारा डायोड) लावा.

स्विच नेहमी मध्येच असल्याने लाइन चालू आहे की बंद हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. लोडकडच्या बोल्टवरून छोटा फ्यूज आणि १ किलोओहमचा रेझिस्टर लावून एक एलईडी स्विचशेजारी आणा. १० मिलिअँपिअरच्या आसपास खातो, तोही लाइन चालू असतानाच. सोलर कंट्रोलर असेल तर तो मात्र थेट बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजसह ठेवा. पॅनलवर ऊन असताना बॅटरी तुटली तर काही कंट्रोलर खराब होतात.

बारीक टर्मिनल तीन निघाली तर आत दोन वेगळ्या कॉइल असू शकतात. मग फुलीची गरज नाही, दोन पुश बटणांवर भागतं. ओहमचं रीडिंग आणि सोलेनॉइडच्या लेबलचा फोटो टाका, तुमच्या गाडीसाठी जोडणी काढून देतो.