प्रथिन, प्रथिने आणि 'प्रथम'

प्रश्न असा आला आहे : "'प्रथिन' हा शब्द 'प्रथम'वरून घडवलेला आहे, की 'प्रोटीन'चाच उच्चार मराठीत बसवलेला आहे? आणि 'रक्तातले प्रथिन' म्हणावे की 'रक्तातली प्रथिने'? दोन्ही छापलेले पाहिले आहे."

पहिल्या भागाचे उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच मला हा शब्द फार आवडतो. दुसऱ्या भागाचे उत्तर वचनाच्या नियमात सापडत नाही. त्यासाठी एका डच रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेपर्यंत जावे लागते.

संस्कृतात 'प्रथिन' असा जुना शब्द नाही. 'प्रथ्' धातू आहे, त्याचा अर्थ पसरणे, ख्याती पावणे. त्यावरून 'प्रथित' होतो, म्हणजे प्रसिद्ध. आपल्या शब्दाचा या अर्थाशी संबंध नाही. 'प्रोटीन' ऐकून, त्याच्या ध्वनीशी जुळेल आणि त्याच वेळी 'प्रथम'ची आठवण करून देईल, असा हा बेतलेला शब्द आहे. शेवटचा 'इन' हा प्रत्ययही परका. अल्ब्युमीन, केसीन, फायब्रीन या प्रथिनांच्या नावांच्या शेपटीला असतो तोच. एरवी ध्वनी सांभाळला की अर्थ निसटतो आणि अर्थ धरला की ध्वनी सुटतो. इथे दोन्ही हाती लागले, कारण मूळ शब्दाचा अर्थही 'पहिला' असाच आहे.

मूळ शब्द कुठे जन्मला हे सहसा सांगता येत नाही, पण याची तारीखसुद्धा ठाऊक आहे. गेरार्डुस योहानेस मुल्डर हा १८०२ मध्ये उत्रेख्तला जन्मलेला, वैद्यक शिकलेला माणूस १८३८ मध्ये रॉटरडॅमला रसायनशास्त्र शिकवत होता. रक्त गोठताना जे तंतू तयार होतात ते फायब्रीन, रक्तरसातले अल्ब्युमीन, अंड्याचा पांढरा बलक, वनस्पतींतला तशाच गुणांचा पदार्थ, असे एकेक घेऊन तो त्यांचे विश्लेषण करत होता. अल्कलीत विरघळवायचे, आम्ल घालून साका खाली बसवायचा, तो वाळवायचा, जाळायचा आणि कर्ब किती, हायड्रोजन किती, नत्र किती ते मोजायचे. आकडे इतके जवळजवळ आले की त्याला वाटले, हे सगळे पदार्थ म्हणजे एकच गाभा आहे. कर्बाचे ४०, हायड्रोजनचे ६२, नत्राचे १० आणि ऑक्सिजनचे १२ अणू, असे त्या गाभ्याचे सूत्र त्याने मांडले. फरक फक्त गंधक आणि स्फुरद यांचा. अंड्यातल्या अल्ब्युमिनात दहा गाभ्यांमागे गंधकाचा एक आणि स्फुरदाचा एक अणू, रक्तरसातल्या अल्ब्युमिनात गंधकाचे दोन, असा त्याचा हिशेब होता.

या गाभ्याला नाव हवे होते. ते स्टॉकहोमहून बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने सुचवले, १० जुलै १८३८ च्या पत्रात. हा माणूस शब्द घडवण्यात वाकबगार होता. उत्प्रेरण, समघटक, बहुवारिक हे शब्द आपण ज्यांच्यासाठी वापरतो, त्या मूळ संज्ञाही (कॅटॅलिसिस, आयसोमर, पॉलिमर) त्याच्याच. मुल्डरला त्याने लिहिले की 'प्रोटीन' हे नाव मी ग्रीक 'प्रोतेइओस'वरून घेतो आहे, कारण प्राण्यांच्या पोषणातला हा आद्य, प्रमुख पदार्थ दिसतो. वनस्पती तो शाकाहारी प्राण्यांसाठी तयार करतात आणि शाकाहारी प्राणी तो मांसाहारी प्राण्यांना पुरवतात. ग्रीक पुराणातल्या रूपे बदलणाऱ्या प्रोटियस या सागरदेवाशी या शब्दाचा संबंध लावलेला कधी कधी वाचायला मिळतो. तो बरोबर नाही. नाव ठेवणाऱ्याने स्वतःच कारण लिहून ठेवले आहे.

'प्रोतेइओस'च्या मागे ग्रीक 'प्रोतोस' आहे, म्हणजे पहिला. त्यातला 'प्रो' आणि आपल्या 'प्रथम'मधला 'प्र' यांचे मूळ एकच. म्हणजे 'प्रोटीन'ला 'प्रथिन' केले तेव्हा एका दूरच्या नातलगाला त्याच्याच घराण्यातले नाव मिळाले.

हे किती भाग्याचे आहे ते इतर भाषांकडे पाहिले की कळते. मुल्डरच्या स्वतःच्या डच भाषेत प्रथिनाला आजही 'एइविट' म्हणतात, जर्मनमध्ये 'आयवाइस'. दोन्हींचा अर्थ अंड्याचे पांढरे. जपानी आणि चिनी शब्दांतही तेच अंड्याचे पांढरे दडलेले आहे. त्यामुळे तिकडे 'गव्हातले अंड्याचे पांढरे' असे म्हणावे लागते. बोलणाऱ्याला सवयीने ते खटकत नाही, पण शब्द एका पदार्थाला बांधलेला राहतो. 'प्रथिन' तसा बांधलेला नाही.

मराठीने आहारातल्या तीन घटकांची नावे तीन वेगवेगळ्या वाटांनी घडवली आहेत. 'कर्बोदक' हे तुकड्याला तुकडा लावून केलेले भाषांतर, कर्ब आणि उदक. 'जीवनसत्त्व' अर्थाने केलेले, आणि तिथे तर मराठी शब्द मूळ शब्दापेक्षा सरस उतरला. १९१२ मध्ये काझिमीर फुंकने 'व्हिटामीन' हे नाव दिले ते ही द्रव्ये अमाइन, म्हणजे नत्र असलेल्या एका प्रकारची संयुगे, असावीत असे मानून. तसे नाही हे कळल्यावर १९२० मध्ये इंग्रजी स्पेलिंगमधले शेवटचे अक्षर गाळून ती चूक झाकावी लागली. आपल्या 'सत्त्वा'ला काही झाकावे लागले नाही. आणि 'प्रथिन' हे ध्वनी व अर्थ दोन्ही धरून केलेले. मला विचाराल तर तिन्हींत कठीण काम हेच.

आता वचनाकडे येतो. मुल्डरचे प्रोटीन एकवचनी होते, आणि ते व्याकरणापुरते नव्हते. त्याचा सिद्धान्तच तो होता : अन्नात, वनस्पतीत आणि रक्तात एकच पदार्थ, खाणाऱ्याच्या अंगात तो जसाच्या तसा जातो. विचार अगदी नवा नव्हता. इटलीतल्या बोलोन्याच्या बेक्कारीने १७२८ मध्ये गव्हाची कणीक पाण्याखाली मळून पिष्ट धुऊन काढले होते आणि मागे उरलेला चिकट गोळा प्राणिज पदार्थासारखा वागतो हे दाखवले होते. तो गोळा म्हणजे ग्लुटेन. मुल्डरने या साम्याला सूत्र दिले. जर्मनीत लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने आधी हे मान्य केले. पण त्याच्या प्रयोगशाळेत गंधकविरहित 'प्रोटीन' काही केल्या वेगळे काढता येईना, आणि १८४६ पर्यंत त्याने जाहीर विरोध सुरू केला. मुल्डरने तितक्याच कडवटपणे उत्तर दिले. एकच गाभा असतो ही कल्पना मागे पडली. नाव मात्र उरले, आणि एका पदार्थाचे नाव हळूहळू एका मोठ्या कुळाचे नाव झाले.

या कुळातले सगळे अमिनो आम्ले नावाच्या नत्रयुक्त छोट्या रेणूंच्या साखळ्या आहेत हे १९०२ मध्ये एमिल फिशर आणि हॉफमाइस्टर यांनी स्वतंत्रपणे मांडले. साखळीतला क्रम ठरलेला असतो हे फ्रेडरिक सँगरने १९५० च्या दशकात इन्शुलिनाचे दोन पदर उलगडून दाखवले. एकात २१ अमिनो आम्ले, दुसऱ्यात ३०. माणसाच्या रक्तातल्या अल्ब्युमिनात ती ५८५ आहेत. हीमोग्लोबिनात चार साखळ्या मिळून ५७४. आणि खाल्लेले प्रथिन रक्तात जसेच्या तसे जात नाही. पचनात त्याची साखळी तुटते आणि सुट्या अमिनो आम्लांतून शरीर आपली प्रथिने नव्याने जुळवते. मुल्डरची इमारत पडली, पण बर्झेलियसच्या पत्रातली वनस्पतीपासून मांसाहाऱ्यापर्यंतची साखळी नत्राच्या बाबतीत खरी ठरली, हे मला विलक्षण वाटते.

म्हणून कुळाबद्दल बोलताना 'प्रथिने' : रक्तातली प्रथिने, गव्हातली प्रथिने, आहारातली प्रथिने. एका विशिष्ट रेणूबद्दल बोलताना 'प्रथिन' : हीमोग्लोबीन हे प्रथिन, केसीन हे दुधातले मुख्य प्रथिन (खरे तर केसीनही लहानसे कुळच आहे, पण इतक्या बारकाईची गरज नेहमी नसते). मीठ, साखर, पाणी यांना आपण एकवचनात ठेवतो कारण ते एकेक पदार्थ म्हणून वापरतो. 'अंड्यात भरपूर प्रथिन असते' हे वाक्य कानाला खटकते ते याच कारणाने. त्यात १८३८ चा अर्थ शिल्लक आहे.

एक सवलत मात्र द्यायला हवी. रक्ततपासणीच्या अहवालात 'टोटल प्रोटीन' असे एकवचन असते आणि ते चूक नाही. तिथे वेगवेगळी प्रथिने ओळखलेली नसतात. तांब्याच्या क्षाराने येणाऱ्या जांभळ्या रंगावरून साखळ्यांतले सगळे सांधे एकदम मोजलेले असतात. अन्नाच्या वेष्टनावरच्या आकड्याचेही तसेच. बऱ्याचदा तो आकडा थेट प्रथिनांचा नसून नत्राचा असतो. १८८३ मध्ये केल्डालने बसवलेल्या पद्धतीने नत्र मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचे, कारण प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असतो. गव्हासाठी गुणक ५.७, दुधासाठी ६.३८. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामीन मिसळले गेले ते या गुणाकाराचा फायदा घेऊन. मेलामिनात वजनाने दोनतृतीयांश नत्र असतो, त्यामुळे तपासणीत 'प्रथिन' वाढलेले दिसले आणि हजारो बाळे आजारी पडली. मोजणीच्या संदर्भात एकवचन येते तेव्हा ते ढोबळ बेरजेचे एकवचन आहे, हे ध्यानात ठेवावे.

शेवटी ऱ्हस्वदीर्घ, कारण प्रश्नात नसले तरी 'प्रथीन' असे लिहिलेले बरेचदा दिसते. मराठी नियमाने अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ असतो आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो : वकील, वकिलाला. परभाषेतून आलेले शब्दही याच नियमाने चालतात, म्हणून प्रोटीन, पण प्रोटिनाचे. ग्लोब्युलीन, पण ग्लोब्युलिने. तत्सम शब्दांना ही सक्ती नाही : गणित, मंदिर. 'प्रथिन' संस्कृतात नसूनही रूढ लेखनात त्याला तत्समांच्या पंगतीला बसवले आहे, म्हणून 'थि' ऱ्हस्व. अनेकवचनात दोन्ही हिशेबांनी 'प्रथिने'च होते, त्यामुळे गोंधळ होतो तो फक्त एकवचनात. समासातही ऱ्हस्वच ठेवावा : प्रथिनयुक्त, प्रथिनसंश्लेषण.