जामीन मंजूर झाला, मग सुटका कुठे अडते?

प्रश्न : आमच्या दुकानात चोरी करणारा पंधरा दिवसांत जामिनावर सुटला. आता रोज दुकानासमोर येऊन उभा राहतो. मग कायद्याचा धाक उरला कुठे?

जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, खटला चालूच राहतो. आरोपी पळेल का, साक्षीदार फोडेल का, पुन्हा गुन्हा करेल का, हे न्यायालय मुख्यतः पाहते. माल जप्त झाला आणि तपास उरकला, की निव्वळ अद्दल घडवायला कोणाला आत ठेवता येत नाही. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत दर शंभरातले सुमारे ७६ कैदी कच्चे, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले होते. यातले जे पुढे निर्दोष सुटतील, त्यांचे गेलेले दिवस कोणी भरून देत नाही.

तरी तुमची भीती खोटी नाही. जामिनाची खरी जोखीम साक्षीदारालाच सोसावी लागते. आधी जामीन आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि अटी वाचा. ‘साक्षीदारांशी संपर्क नको’ अशी अट असेल, तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि सीसीटीव्हीचे चित्रण लगेच उतरवून घ्या, कारण डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) जुने चित्रण आपोआप पुसतो. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि सरकारी वकिलांमार्फत जामीन रद्द करण्याचा अर्ज करा. अर्जाचा भर जामिनानंतरच्या वागणुकीवर असू द्या. ‘जामीन द्यायलाच नको होता’ ही तक्रार वेगळी, ती वरच्या न्यायालयात मांडायची. दोन्हींची सरमिसळ केलेले अर्ज हमखास फसतात. लखीमपूर खेरी प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीडिताला जामिनाच्या टप्प्यावरही म्हणणे मांडण्याचा हक्क असल्याचे स्पष्ट केले आहे.

प्रश्न : पुतण्याला २५,००० रुपयांच्या जामिनावर सोडण्याचा आदेश होऊन वीस दिवस झाले. आम्ही बीडचे, खटला ठाण्यात. तिथे जामीनदार कोण उभा राहणार?

आपल्या जामीनपद्धतीचे हे सर्वांत दुखरे ठिकाण. आदेश सगळ्यांना सारखाच, पण सुटतो तो ऐपतदार नातेवाईक असलेलाच. १९७८ मध्ये मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्यांनी १०,०००चा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊही नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच हमीवर) सोडले. तेव्हा ‘बीडचा जामीनदार चालत नाही’ असे कोणी म्हटले, तर वकिलांना हा निकाल दाखवायला सांगा.

जामीनदाराचे ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा, फोटो आणि ऐपतीचा कागद (सातबारा, घरपट्टीची पावती किंवा वेतनचिठ्ठी) तयार ठेवा. सातबारा ताजा काढा. ‘इतर अधिकार’ रकान्यात बँकेचा बोजा असेल किंवा पाच भावांची सामाईक नावे असतील, तर हरकत निघते. जामीनदार मिळतच नसेल, तर तात्पुरत्या रोख जामिनाचा अर्ज करा. पैसे भरून सुटका होते आणि जामीनदार आणायला मुदत मिळते. ती मुदत मात्र पाळा. तेही जमत नसेल, तर रक्कम कमी करण्याचा किंवा जातमुचलक्यावर सोडण्याचा अर्ज करा.

जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे असते. महिन्याभरात जामीनदार दिला गेला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. तुमचे वीस दिवस झालेत, तेव्हा ठाणे न्यायालयातले प्राधिकरणाचे कार्यालय उद्याच गाठा. कोठडीतल्या आरोपीला तिथे वकील मोफत मिळतो.

कोर्टाच्या आवारात ‘जामीनदार देतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. बनावट सातबारा निघाला, तर पुतण्यावर नवा गुन्हा चढेल.

बाँड (हमीपत्र) झाल्यावर सुटकेचा आदेश तुरुंगात पोचावा लागतो. त्यातले नाव, वडिलांचे नाव, गुन्हा नोंदणी क्रमांक तुरुंगाच्या नोंदीशी जुळतात का, ते कोर्टातच तपासा. दुसऱ्या प्रकरणातले हजर करण्याचे वॉरंट असेल, तरीही सुटका थांबते. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका गाजलेल्या प्रकरणात कागद आर्थर रोड तुरुंगाच्या जामीनपेटीत (सुटकेचे आदेश टाकण्याच्या पेटीत) वेळेत पडला नाही, म्हणून आरोपीला आणखी एक रात्र आत काढावी लागली.

प्रश्न : शेजाऱ्याच्या मुलाला जामीन राहायला सांगताहेत. माझ्यावर काय येईल?

तो तारखेला आला नाही, तर बाँड जप्त होतो आणि ‘रक्कम का वसूल करू नये’ अशी नोटीस तुम्हाला येते. रक्कम भरली नाही आणि वसूलही झाली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. याआधी किती जणांना जामीन राहिलात, तेही शपथेवर सांगावे लागते. मुलाचे लक्षण ठीक दिसेना, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (भानासुसं) कलम ४८९ खाली बाँडमधून मोकळे करण्याचा अर्ज द्या, मात्र तो पळण्याआधी.

प्रश्न : आरोपपत्र वेळेत आले नाही तर जामीन आपोआप मिळतो का?

आपोआप नाही, मागावा लागतो. मुदत साधारण ६० दिवस आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९०. मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) आणि यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) यांमध्ये ती १८० पर्यंत वाढू शकते. मोजणी अटकेपासून नव्हे, तर न्यायालयाने पहिली कोठडी दिली त्या दिवसापासून, तो दिवस धरून. कोठडी १ मार्चला सुरू झाली, तर साठावा दिवस २९ एप्रिल. ३० एप्रिलला कोर्ट उघडताच अर्ज द्या. अर्जाआधी आरोपपत्र दाखल झाले, तर हा हक्क गेला.