बाबा डोंगरावर एकटेच बसतात

"मॅडम, बाबांना डिप्रेशन आलंय. फक्त ते कबूल करत नाहीत."

गौरी-गणपती उरकून चार दिवस झाले असतील. फोनवर मुलगी होती. पुण्यात नोकरीला, सणासाठी साताऱ्याला आलेली. वडील एसटीत कंडक्टर होते, मे महिन्यात निवृत्त झाले. तेव्हापासून रोज पहाटे चारला उठतात, यवतेश्वरच्या डोंगरावर जातात आणि दोन-अडीच तास एकटेच बसून राहतात. मोबाईल घरी. सोबत कुणी नको. व्यायाम म्हणावा तर तोही नाही, नुसतं बसणं. गौरी जेवणाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं आणि हे नऊ वाजता उगवले. "काय करता तिथं विचारलं, तर म्हणतात, काय नाय, बसतो."

मी समुपदेशनाचं काम करते. हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. कधी गच्चीवर जाऊन बसणारी सून असते, कधी क्लास बुडवून तळ्याकाठी सापडलेला अकरावीतला मुलगा. घरातलं माणूस एकटं आणि गप्प दिसलं की आपण आधी "काय झालं?" विचारतो आणि मग कपाळाला हात लावून पाहतो. देवापुढे जपमाळ घेऊन तासभर बसलं तर कौतुक; हातात माळ नसली की आजार.

तरी "काळजी करू नका" असं मी त्या मुलीला म्हणाले नाही. निवृत्तीनंतरचे पहिले महिने खरंच नाजूक असतात. पुरुषांचं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसतच नाही. माणूस चिडका होतो, नाहीतर बोलणं तोडतो. म्हटलं, घेऊन या.

(ही गोष्ट त्या कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

काका आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. खुर्चीच्या कडेवर बसले, कुठल्याही क्षणी घंटी मारून गाडी सुटेल असे. लेकीला बाहेर बसवलं आणि मी माझं नेहमीचं काम सुरू केलं. नैराश्य तपासायला आम्ही पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली वापरतो. गेल्या दोन आठवड्यांविषयीचे ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा वर गेली की नीट तपासणी करायची. झोप, भूक, थकवा, कशातच रस न वाटणं, स्वतःविषयी वाईट वाटणं, आणि नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो मी कागदावर सोडत नाही, तोंडी विचारते. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा लोकांचा गैरसमज आहे. उलट कुणीतरी सरळ विचारलं म्हणून माणसं मोकळी होतात.

काका हसले. "मराया एवढा डोंगर कोण चढंल? गुडघं दुखत्यात माझं."

उत्तर गमतीचं होतं, पण अशा गमतीमागे कधी कधी काहीतरी दडलेलं असतं. म्हणून थोड्या वेळाने शब्द बदलून पुन्हा विचारलं. या वेळी ते हसले नाहीत. "नाही मॅडम. खरंच नाही."

बेरीज आली ३. त्यातले २ गुण पहाटे लवकर जाग येण्याचे, आणि पहिल्या गाडीच्या ड्युटीवर एकतीस वर्षं घालवलेल्या माणसाला चारला जाग येणार नाही तर काय होणार.

कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "काल काय पाहिलंत वर?"

हा प्रश्न कुठल्या प्रश्नावलीत नाही. माझ्या पदरचा आहे, पण एकांतात बसणाऱ्या प्रत्येकाला मी तो विचारते. आणि मग फक्त ऐकते.

काका आधी अडखळले. आपल्याला हे कुणी विचारेल अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. मग खुर्चीत मागे टेकले. काल धुकं उलटं आलं म्हणाले. रोज वरून उतरतं, काल खालच्या दरीतून कापूस पिंजल्यासारखं वर चढलं आणि पायाशी येऊन थांबलं. अजिंक्यतारा दहा मिनिटं नव्हताच. कातळावर जिथे पाणी झिरपतं तिथे सीतेची आसवं फुललीत, नखाएवढी जांभळी. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की हे फूल किडे खातं, म्हणून ते पालथे पडून बघत बसले होते. (खातं, पण फूल नाही. मातीत, ओलाव्यात त्याच्या बारीक पिशव्या असतात, त्यात सूक्ष्म जीव ओढले जातात. पालथं पडून दिसणार काहीच नाही. मी सांगितल्यावर काका जरा हिरमुसले.) एक चंडोल गवतातून गात गात सरळ वर जातो, ठिपका होतो, आणि मग दगड टाकावा तसा खाली येतो. आणि जाळी. गवतात कोळ्यांची जाळी, एरवी दिसत नाहीत, दव पडलं की सगळी एकदम उजळतात.

"पैल्यांदा मी मोजायचो," ते म्हणाले. "सवयच ती. गाडीत माणसं किती, तिकिटं किती, पैसे किती. जाळी पण मोजायचो. चौदा, सतरा, एकदा एकतीस. मग एक दिवस घरी आल्यावर ध्यानात आलं, आज मोजायचं राहिलंच की."

एवढं बोलून ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू काही चूक कबूल केली आहे.

आता यात मला काय दिसलं ते सांगते. नैराश्यातला माणूस निसर्गात गेला तरी निसर्ग त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो डोंगरावर बसतो, पण डोंगरावर काही नसतं. जुनेच विचार त्याच गोल फेऱ्यात फिरत राहतात, फक्त जागा बदललेली असते. काकांचा डोंगर गच्च भरलेला होता.

हे मी पाठ्यपुस्तकातून शिकले नाही, एका मुलाकडून शिकले. काही वर्षांपूर्वी पंचविशीतला एक जण संगम माहुलीच्या घाटावर रोज संध्याकाळी बसायचा. घरचे म्हणायचे, शांत स्वभाव आहे, नदी आवडते त्याला. विचारलं, काय दिसतं? "काही नाही. पाणी." ऊन कुठल्या बाजूने येतं तिथे? आठवेना. कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे पाण्याचा रंग वेगळा असतो का? लक्ष नाही. तीन महिने रोज तिथे बसून लक्ष नाही. मग हळूहळू निघालं. रात्री तीनपर्यंत झोप नाही, वजन घटलेलं, आणि "मी नसलो तर घरच्यांचं सोपं होईल". त्याच दिवशी भावाला बोलावून त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. औषधं सुरू झाली, माझ्याकडेही तो येत राहिला. पावसाळ्यात एकदा स्वतःहून तक्रार करू लागला, नदीचं पाणी वर चढलंय, माझी बसायची पायरीच बुडाली. त्याला वाईट वाटत होतं आणि मला मनातून केवढा आनंद झाला.

म्हणजे घरच्यांनी ज्याला निवांत समजलं तो आजारी होता आणि ज्याला आजारी समजलं तो निवांत. बाहेरून दोघंही सारखेच, पाठमोरे बसलेले.

पण नुसत्या एका प्रश्नावर कुणी निदान करू नये, मीही करत नाही. झोप-भूक बिघडलेली, डोंगरावरून आल्यावरही कुणाशी बोलणं नको, पूर्वीच्या आवडी सुटलेल्या, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त, तर डॉक्टरांना दाखवायचंच. मरणाची भाषा आली तर दोन आठवडेही थांबायचं नाही. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. झाडाखाली बसणं हे औषधाच्या जागी नाही. औषधाशेजारी चालेल.

काकांना हे डोंगराचं वेड लागलं कुठून, ते मला कळेना. एसटीत असताना ते फिरायला कधी गेले नव्हते. दुसऱ्या भेटीत उलगडलं: मुक्कामी गाडी. कोयनेच्या जलाशयाकाठच्या एका गावी त्यांची गाडी रात्री मुक्कामाला असायची. उन्हाळ्यात ड्रायव्हर आणि ते टपावर झोपायचे. पहाटे पाचला गाडी सुटायची, त्याआधी अर्धा तास काका टपावर नुसते बसून असत. पाणी, अंधार, हळूहळू दिसू लागणारी पलीकडची डोंगररांग. मग पहिली बाई डोक्यावर पाटी घेऊन यायची, आणि तिथून रात्रीपर्यंत कलकलाट. "त्या अर्ध्या तासावर दिवस निघायचा," म्हणाले. निवृत्तीनंतर त्यांनी फक्त तो अर्धा तास लांबवला होता.

मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या पतिपत्नींनी १९८९ साली एका पुस्तकात यामागचं कारण मांडलं. लक्ष दोन तऱ्हेचं असतं. एक आपण ओढून लावतो. सुटे पैसे, पुढचा स्टॉप, दारात लोंबकळणारं पोरगं, तिकीट न काढता मागे सरकलेला माणूस. हे लक्ष दमतं. दुसरं आपोआप लागतं. ढग, पान, पाण्यावरची लाट. त्याला जोर लागत नाही आणि तेवढ्यात पहिल्याला विसावा मिळतो. काकांना हे सांगितलं तर त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही.

नवल मला माझंच वाटलं. पुढच्या रविवारी मी एकटीच यवतेश्वरला गेले. एका कातळावर बसले, मोबाईल पिशवीत. सातव्या मिनिटाला तो हातात होता. फोटो काढण्यासाठी, असं मी स्वतःला सांगितलं. व्हर्जिनिया विद्यापीठातला २०१४ चा एक प्रयोग आठवला. टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी लोकांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत एकटं बसवलं. जवळ फक्त विजेचा सौम्य झटका देणारं बटण, आणि हा झटका आधी चाखून "पैसे देऊ पण हा नको" असं म्हणालेली ही माणसं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी ते बटण दाबलंच. तेव्हा मोबाईल काढला यात मी फार मोठं पाप केलं नाही. तिसऱ्या खेपेला मात्र वीसेक मिनिटांनंतर काहीतरी सैल झालं. मी आल्यावर गप्प झालेले पक्षी पुन्हा बोलू लागले होते. ते गप्प झाले होते हे मला ते बोलू लागल्यावर कळलं.

लोक लगेच विचारतात, किती वेळ बसायचं? इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या २०१९ च्या एका अभ्यासात, आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे स्वतःला जास्त निरोगी आणि समाधानी सांगत होते. पण मुळात बरी असलेली माणसंच जास्त बाहेर पडतात, असंही असू शकतं. मी आकडा देत नाही. आकडा दिला की लोक घड्याळ लावून बसतात.

इतकं सगळं कळूनही घरातली कुरबुर थांबली नव्हती, कारण ती डिप्रेशनची नव्हतीच. हे काकू आल्यावर कळलं. काकूंना नवरा आजारी आहे असं कधी वाटलंच नव्हतं. तो लेकीचा शोध. काकूंचा राग वेगळा होता. "एकतीस वर्षं हे मुक्कामी. पोरांची दुखणी, सासूबाईंचं आजारपण, सगळं मी एकटीनं. आता रिटायर झाले, तर परत पहाटे अंधारात कडी काढून जातात. मला वाटतं, गाडीच सुटली परत."

काका चकित झाले. ते चोरपावलांनी जायचे ते हिची झोपमोड नको म्हणून. ही रोज जागी असायची, कडीचा आवाज ऐकत.

मी जोडीने जाण्याचं सुचवलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनी ते ऑगस्टमध्ये करून पाहिलं होतं. काकू दोन तास शेजारच्यांच्या लग्नाचं बोलत होत्या आणि काकांनी परतताना तोंडातून शब्द काढला नव्हता. दोघांपैकी कुणाचंच चुकलं नव्हतं. काकूंना डोंगर नकोच होता. खोदून विचारल्यावर म्हणाल्या, सकाळचा चहा एकत्र हवा. बस.

मग ठरलं ते एवढंच. काका उठून चहा ठेवतील, काकूंना हाक मारतील, दोघं घेतील, मग जायचं. मोबाईल बंद करून का होईना, पिशवीत न्यायचा. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाने कातळाच्या कडेला बसायचं तर एवढं हवं. पाहुणे असतील त्या दिवशी आठच्या आत घरी. लेकीला मी वेगळं सांगितलं, "काय करता तिथं?" ऐवजी "काय दिसलं आज?" विचारून बघ. ती म्हणाली, पण फरक काय? म्हटलं, विचारून बघ.

फेब्रुवारीत दोघं सहज भेटायला आली, तिळगूळ द्यायचा राहिला म्हणून. रथसप्तमीही होऊन गेली होती, पण असो. काकूंनी मध्येच सांगून टाकलं की हे गेल्यावर त्या परत झोपत नाहीत. दार उघडं टाकून पायरीवर बसतात, दूधवाला येईपर्यंत. "घरात कोण नसतं तेवढा वेळ. बरं वाटतं." काका ऐकत होते, त्यांना हे नवीन होतं की नाही कळलं नाही.

मी काकांना विचारलं, आता तर फुलं गेली, दव गेलं, गवत वाळलं. काय बघता?

ते बराच वेळ विचार करत राहिले. "परवा वणवा लागला होता. अर्धं पठार काळं झालंय. त्या काळ्यात एक टिटवी येऊन बसती."

"एक नाही," काकू म्हणाल्या. "दोन आहेत. तुम्हीच नाही का सांगितलं काल?"