तिसरी पिन काढू नका! अर्थिंगविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरीच हार्मोनियमचं रेकॉर्डिंग करतो. लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकर घुमायला लागतात. वायरमन म्हणतो, चार्जरची अर्थ पिन काढा. काढू का?

उत्तर : मुळीच नको. आवाज थांबेलही, पण उद्या आत फेजची वायर धातूला टेकली तर 230 व्होल्टचा रस्ता तुमच्या अंगातून जाईल. लॅपटॉप आणि स्पीकर वेगवेगळ्या बोर्डांवर असले की दोन अर्थ वायरी आणि मधली ऑडिओ केबल यांचा बंद वळसा तयार होतो. त्यात फिरणारा 50 हर्ट्‌झचा प्रवाह तुम्हाला ऐकू येतो. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या, केबल बॅलन्स्ड (आवाजासाठी दोन तारा आणि वर वेगळी जाळी असलेली) वापरा. तरीही घुमलं तर ऑडिओच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांचा थेट जोड तोडून फक्त आवाज पुढे नेणारा) टाका.

प्रश्न : आमच्या छोट्या स्टुडिओसाठी ‘आयसोलेटेड अर्थ’चं सॉकेट सुचवलंय. त्यासाठी अर्थिंगचा वेगळा खड्डा घ्यावा का?

उत्तर : सॉकेट जरूर घ्या. वेगळा, सुटा खड्डा मात्र नको. इथेच बहुतेकांची गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बोर्ड उघडून पाहा. एकच हिरवी वायर या बोर्डावरून त्या बोर्डावर गेलेली दिसेल. फ्रिज, एसी, इन्व्हर्टर सगळ्यांची गळती आणि खरखर तिच्यावरच. आयसोलेटेड पद्धतीत सॉकेटच्या अर्थ स्क्रूपासून स्वतंत्र हिरवी-पिवळी वायर निघते. ती वाटेत कुठेही न जोडता, आपल्या फेज-न्यूट्रलसोबत त्याच पाइपातून थेट मुख्य अर्थ पट्टीपर्यंत न्यायची. बोर्डाच्या धातूच्या डब्याला त्याची नेहमीची अर्थ वायर राहू द्यायची.

आता सुट्या खड्ड्याचा हिशेब पाहा. मातीचा रोध 10 ओहम धरला, तर बिघाडात फार तर 23 अँपिअर वाहतील. 16 अँपिअरची सी प्रकारची एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) झटक्यात पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. म्हणजे एमसीबी लगेच पडणार नाही आणि उपकरणाच्या धातूच्या अंगावर वीज तशीच राहील. जवळपास वीज पडली तर दोन खड्ड्यांमधल्या व्होल्टेजच्या फरकामुळे तुमच्या केबलींतून प्रवाह धावेल. दुसरा खड्डा घेतलाच, तर तो मुख्य अर्थिंगला जोडायलाच हवा. शिवाय 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा.

प्रश्न : लॅपटॉपच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात.

उत्तर : चार्जरमधल्या फिल्टर कपॅसिटरमधून किंचित वीज धातूपर्यंत झिरपते, म्हणून. तीन पिनी चार्जर असूनही येत असतील, तर सॉकेटमध्ये अर्थ नाही असंच समजा आणि तपासून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे अर्थिंग नव्हतं, म्हणून वायरमनने सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून दिले. चालेल का?

उत्तर : नाही, आजच काढून घ्या. मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर चालू उपकरणातून आलेला फेज त्या जोडावाटे फ्रिजच्या दारावर येईल. अर्थिंग होईपर्यंत धातूच्या अंगाचं काहीही त्या सॉकेटवर लावू नका.