‘अलका टॉकीज’: ती की ते?

पुण्यातल्या अलका टॉकीज चौकावरून एका वाचकाने तीन प्रश्न विचारले आहेत : सिनेमाच्या इमारतीला ‘टॉकीज’ का म्हणतात, हा शब्द स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी, आणि ‘टॉकीज’ लिहावे की ‘टॉकिज’?

इंग्रजीत ‘टॉकी’ म्हणजे बोलणारा चित्रपट, आणि ‘टॉकीज’ हे त्याचे अनेकवचन. इमारतीशी त्याचा मुळात संबंध नाही. ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला आणि पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, तेव्हा आपल्याकडे ‘मूकपट’ आणि ‘बोलपट’ अशी सुबक जोडी रूढ झाली. बोलपटाला ‘बोलपट’ हा शब्द मिळाल्यामुळे ‘टॉकीज’ला जणू दुसरे काम शोधावे लागले. 1934 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये तो चित्रपट काढणाऱ्या संस्थेच्या नावात शिरला, जत्रेतल्या तंबूच्या सिनेमाला ‘टूरिंग टॉकीज’ म्हणू लागले, आणि जिथे बोलपट दाखवतात ती जागाच ‘टॉकीज’ ठरली. आशयाचे नाव जागेला मिळण्यात नवल नाही. ‘सिनेमा’ हा शब्दही आपण चित्रपट आणि चित्रपटगृह या दोन्ही अर्थांनी वापरतोच. मंडईजवळचे 1915 चे ‘आर्यन सिनेमा’ (त्याच्या जागी आज वाहनतळ आहे) मूकपटांच्या काळातले असल्याने त्याच्या मूळ नावात ‘टॉकीज’ असणे शक्यच नव्हते. अप्पा बळवंत चौकातले ‘प्रभात’ चित्रपटगृह मात्र 1934 चे, म्हणजे बोलपट स्थिरावल्यानंतरचे.

आता लिंगाचा प्रश्न, आणि तोच खरा अवघड आहे. ‘टॉकीज’ला विभक्ती लावताना सामान्यरूप होत नाही : ‘थिएटरात’ म्हणता येते, पण ‘टॉकीज’ला आपण ‘मध्ये’, ‘जवळ’, ‘समोर’ थेट जोडतो, त्यामुळे लिंग लपून राहते. शिवाय पुणेकर ‘टॉकीज’ हा शब्दच बहुधा गाळतो. त्याच्या बोलण्यात सिनेमा ‘विजयला’ लागतो, ‘नीलायमला’ लागतो, आणि हा ‘ला’ इतका अंगवळणी पडला आहे की तिथे ‘मध्ये’ म्हटलेले कानाला परके वाटते. लिंग उघड होते ते केवळ विशेषणात आणि क्रियापदात. ‘जुनी टॉकीज पाडली’ आणि ‘जुने टॉकीज पाडले’ असे दोन्ही प्रयोग ऐकू येतात. दुसऱ्यामागे ‘थिएटर’ आणि ‘चित्रपटगृह’ या नपुंसकलिंगी शब्दांचा दाब असावा, असे मला वाटते. माझा कौल ‘ती’च्या बाजूने आहे, कारण अनेकवचनात ‘शहरातल्या सगळ्या टॉकीज’ हे सहज तोंडी येते आणि ‘सगळी टॉकीज’ म्हणताना जीभ अडखळते. तरीही ‘ते’ लिहिणाऱ्याला चूक ठरवण्याइतका आधार माझ्यापाशी नाही. एक गोष्ट मात्र निश्चित : इंग्रजीतले हे अनेकवचन मराठीत पूर्णपणे एकवचनी झाले आहे. ‘शूज’ अजून ‘घातले’ जातात, ‘टॉकीज’ मात्र एकटीच उभी असते.

लेखनाविषयी फार बोलण्याचे कारण नाही. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ लिहिण्याचा मराठीचा नियम येथे लावला, तर ‘टॉकीज’ हेच रूप येते.

जाता जाता प्रश्नकर्त्यांच्या चौकाविषयी : त्या चौकाचे नाव टिळक चौक आहे, पण गणेश विसर्जनाची मिरवणूक कुठवर आली हे विचारणारा पुणेकर ‘अलका चौकात पोचली का?’ असेच विचारतो. तिथे ‘टॉकीज’ही गळते, आणि तिच्याबरोबर लिंगाचा प्रश्नही.